समुद्रघोड्यांचं पाणी

ईश्वरी त्याच्यासमोर वाकली. दोन्ही हात बाजूला सरळ, मान खाली, पाठ कमरेपासून एका रेषेत, इथल्या जपानी शाळेत शिकवतात तशी. आणि वाकलेलीच राहिली. "गोमेन्नासाई," ती म्हणाली, आणि एवढ्यानं ते बापापर्यंत पोचलं नसेल असं वाटून की काय, मराठीत म्हणाली, "सॉरी, बाबा. माझ्यामुळे झालं." शिरीष अजून दारातच होता. एका पायातला बूट निघालेला, दुसरा पायातच, खांद्यावर नागोयाहून आलेली बॅग, आणि हातात स्टेशनवर घेतलेला मिठाईचा खोका. तेरा वर्षांची आपली मुलगी आपल्याच घरात आपल्यासमोर परक्या माणसासारखी वाकून उभी आहे, आणि तिच्या डोक्यावरचा सरळ केलेल्या केसांमधला पांढरा भांग तेवढा आपल्याला दिसतोय, हे त्याला आधी नुसतं विचित्र वाटलं. मग तिच्यामागे टेबलावर ठेवलेला पांढरा वाडगा दिसला. त्यात दोन्ही समुद्रघोडे आडवे होते. पाण्यात कायम उभे असणारे ते जीव आडवे पडल्यावर वाळलेल्या शेंगांसारखे दिसत होते. नराचं पोट मात्र अजून फुगलेलं होतं.

"टाकीच्या चिलरचा प्लग निघालेला होता," सुनेत्रा स्वयंपाकघरातून म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, म्हणजे ओरडून झालं होतं. "किती वेळा सांगितलंय हिला, तिथे तुझी ती केसांची इस्त्री लावू नकोस म्हणून. दुसरं कोण काढणार? मी त्या टाकीच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. सकाळी बघते तर हे असं. सांग बाबाला, म्हटलं, तूच सांग."

शिरीषच्या तोंडात वाक्य तयार होतं. साधं होतं, तीन-चार शब्दांचं. प्लग मी काढला होता. ते जिभेवर आलं, त्याला त्याचा आकारसुद्धा जाणवला, आणि त्याने तोंड उघडलं तेव्हा त्यातून भलतंच बाहेर आलं. "जाऊ दे, बेटा," तो म्हणाला. "चूक होते माणसाकडून. सरळ उभी राहा."

ईश्वरी सरळ झाली. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते त्याला तेव्हा कळलं नाही, किंवा त्याने कळून घेतलं नाही. ती आपल्या खोलीत गेली आणि तिने दार आवाज न करता लावून घेतलं. सुनेत्रा बाहेर आली, त्याच्या हातातून मिठाईचा खोका घेतला आणि हळू आवाजात म्हणाली, "बरं झालं तू चिडला नाहीस. मला भीती होती. एवढं जिवापाड केलं होतंस." आणि तिने त्याच्या दंडावर हात ठेवला. त्या हाताखालची कातडी आक्रसून जावी तसं त्याला झालं. त्याने क्षमा केली होती. स्वतः केलेल्या गोष्टीबद्दल त्याने दुसऱ्याला, पोटच्या पोरीला, मोठ्या मनाने क्षमा केली होती, आणि त्याबद्दल त्याचं कौतुक होत होतं. तो दुसरा बूट काढायला खाली वाकला आणि गरज नसताना बराच वेळ लेसशी झटत राहिला.

टाकीची सुरुवातसुद्धा एका लाजेतूनच झाली होती, पण ती लाज वेगळी होती, तिला निदान बाहेर दाखवण्यासारखं तोंड होतं. वसंतात एकदा फुनाबोरी स्टेशनवर त्याचं कार्ड गेटमध्ये अडकलं. तो खिडकीपाशी जाऊन तिथल्या माणसाला आपल्या जपानीत समजावत होता, आणि शब्द कमी पडले की माणूस आवाज वाढवतो तसा त्याचा आवाज वाढला होता. तेवढ्यात गेटच्या पलीकडून शाळेच्या गणवेशातल्या चार मुली गेल्या. त्यातली एक ईश्वरी होती. दोघांची नजरानजर झाली. तिने मान वळवली, मैत्रिणीला काहीतरी म्हणाली, सगळ्या हसल्या आणि निघून गेल्या. त्या त्याला हसल्या नसतील. पण घरी आल्यावर ती म्हणाली, "बाबा, तू बाहेर फार जोरात बोलतोस." एवढंच. ती तीन वर्षांची असताना तो बँकेच्या नोकरीवर इथे टोकियोत आला होता. दोन-चार वर्षांत परत जायचं म्हणता म्हणता दहा वर्षं झाली होती. सुनेत्रा सोबत म्हणून आली होती, ती आता कोतोमधल्या एका कंपनीत नोकरी करत होती आणि तिचं जपानी त्याच्यापेक्षा चांगलं होतं. ईश्वरीला मराठी कळायचं, पण उत्तर जपानीत यायचं, आणि त्या उत्तरातलं निम्मं त्याच्या डोक्यावरून जायचं. तो हसून मान हलवायचा. आपण आपल्याच घरात न कळताही मान हलवणारा माणूस झालोय, हे त्याला त्या दिवशी स्टेशनवरून घरी येताना कळलं, आणि त्याने ठरवलं की काहीतरी केलं पाहिजे.

ती लहान असताना तिला कासाईच्या मत्स्यालयात नेलं की ती बाकी कुठे थांबायची नाही. ट्युना नकोत, पेंग्विन नकोत. एका कोपऱ्यातल्या अंधाऱ्या काचेपुढे जाऊन उभी राहायची, आणि आतल्या गवताला शेपटी गुंडाळून उभे असलेले समुद्रघोडे बघत बसायची. तात्सुनोओतोशिगो. ड्रॅगनचं खाली पडलेलं पोर, असा त्या शब्दाचा अर्थ तिनेच त्याला शाळेत जायला लागल्यावर सांगितला होता. "मग त्याला वर कोण नेणार?" असं त्याने विचारलं होतं आणि ती गंभीरपणे म्हणाली होती, "त्याला नाही जायचंय." हे आठवलं तेव्हा तो ट्रेनमध्ये होता आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. समोरच्या बाईने नजर फिरवली.

आणि खरंच, त्या टाकीने मुलगी त्याला परत दिली. काही महिने तरी दिली. टाकी रुंद नव्हे तर उंच हवी, कारण हे प्राणी वरखाली जातात. पाण्याला वेग नको, कारण त्यांना पोहता जवळजवळ येत नाही. धरून राहायला काहीतरी हवं, नाहीतर ते थकून मरतात. अन्न साठवायला जठर असं त्यांना नसतंच, म्हणून दिवसातून अनेकदा भरवायला हवं. हे सगळं ईश्वरी जपानीतून वाचायची आणि त्याला मराठीत सांगायची. त्यासाठी तिला मराठी शब्द शोधावे लागायचे, आणि ती अडली की तो द्यायचा. दुकानात दुकानदार बोलायचा, ती ऐकायची, मग वळून म्हणायची, "बाबा, ते म्हणतात घाई करू नका. पाणी आधी पिकायला पाहिजे." पिकायला हा शब्द तिने स्वतःच शोधलेला होता. तो त्याला इतका आवडला की त्याने ऑफिसातही एकदोघांना सांगितला, आणि तिथे तो कोणाला कळला नाही. भूकंपात हलू नये म्हणून भिंतीला पट्ट्या मारून लोखंडी स्टँड उभा केला, त्यावर ती कमरेच्या वर जाणारी टाकी, मीठ मिसळलेलं पाणी, खडक, प्रवाळासारख्या फांद्या. आणि मग आठवडेच्या आठवडे त्या रिकाम्या पाण्याची वाट बघायची. संध्याकाळी दोघं काचेच्या नळ्यांत टाकीतलं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बदलतोय का ते दिव्याखाली धरून बघायचे. हिरवा झाला की अजून विष आहे. पिवळा राहिला की झालं. "अजून नाही," ती म्हणायची. त्याला वाटायचं, टाकूयात आता, काय होतंय. पण ती ऐकायची नाही. तिचं डोकं त्याच्या खांद्याला लागलेलं असायचं, आणि पाणी कधी पिकूच नये असंही त्याला एखाद वेळी वाटून जायचं.

उन्हाळा लागला तसा पाणी गार ठेवायला चिलर आणला. त्यांच्या एदोगावा भागातल्या त्या उकाड्यात दिवसा बंद घरात ते पाणी चहासारखं तापलं असतं. चिलरच्या प्लगवर चिठ्ठी लावायची कल्पना त्याचीच. मराठीत त्याने लिहिलं, 'काढू नये.' खाली जपानीत ईश्वरीने लिहिलं, तिच्या सुंदर, बारीक अक्षरात. सुनेत्राला त्याने दोघांच्या वतीने दटावलंही होतं, "व्हॅक्यूम क्लीनर दुसरीकडे लाव हं, इथला प्लग निघाला तर दोन जीव जातील." दोन जीव असं तो म्हणाला होता. गुरू होऊन, तर्जनी उंचावून.

समुद्रघोडे आले तेव्हा पिवळट रंगाचे होते, बोटाएवढे. पहिल्या दिवशी नराने एका फांदीला शेपटी गुंडाळली ती सोडलीच नाही. मग हळूहळू रोज सकाळी दिवा लागला की मादी त्याच्यापाशी जायची, दोघांचे रंग उजळायचे, आणि ते शेपटीत शेपटी अडकवून थोडा वेळ वरखाली करायचे, मग आपापल्या फांदीवर परत. ईश्वरी शाळेत जाण्याआधी ते बघून जायची. जुलैत नराचं पोट फुगायला लागलं. महाराष्ट्र मंडळातले लोक घरी आले होते तेव्हा शिरीषने टाकीपुढे उभं राहून भाषणच केलं. मादी अंडी नराच्या पिशवीत सोडून मोकळी होते, आणि पोरं हा बाळगतो, कळा हा देतो. "खरा बाप बघायचा असेल तर हा बघा," तो म्हणाला आणि सगळे हसले. ईश्वरी सोफ्यावर लाजून बसली होती, पण ती मान वळवून गेली नव्हती. तिने त्याचं एक वाक्य दुरुस्तसुद्धा केलं, मराठीत, सगळ्यांसमोर. त्या दिवशी तो फार सुखात झोपला.

आता वाडग्यातल्या त्या पोटाकडे त्याला बघवत नव्हतं.

आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी तो घरूनच मीटिंगला बसला होता. मुंबईचे दोन मोठे साहेब आणि इथले त्याचे वरिष्ठ, कुरोदा-सान. मीटिंग संपली की नागोयाला निघायचं होतं, बॅग भरलेली होती. तो बोलायला लागला, आकडे सांगायला लागला, आणि कुरोदा-सान हसून, अगदी सौजन्याने म्हणाले, "शिरीष-सान, तिकडे काही वाजतंय का?" चिलरची घरघर होती. महिनाभर ती घरात होती, त्याला आता ऐकूही येत नव्हती. "शेजारी एसीचं काम चाललंय," तो म्हणाला. का म्हणाला? टाकी आहे म्हणायला काय हरकत होती? पण मुंबईचे साहेब होते, आणि टोकियोत बसून मासे पाळतोय हा, असं त्यांना वाटेल, असं त्या अर्ध्या सेकंदात त्याला वाटलं. खोटं बोलून झाल्यावर आवाज बंद करणं भागच होतं. तो म्यूट करून उठला, चिठ्ठी लावलेला प्लग बोटांत धरून उपटला, सवयीने वायर गुंडाळून तिला गाठ मारून स्टँडवर ठेवली, आणि परत येऊन बसला. मीटिंग लांबली. संपली तेव्हा शिंकानसेन गाडीची वेळ गाठायची धावपळ झाली. त्याने एसी बंद केला, पडदे ओढले, दाराला कुलूप लावलं. घर किती शांत वाटतंय, असं कुलूप लावताना त्याच्या मनात आलंसुद्धा होतं.

एवढंच असतं तर. विसरणं हे विसरणं असतं, ते कोणालाही सांगता येतं. पण त्या संध्याकाळी नागोयात गिऱ्हाईक कंपनीच्या लोकांबरोबर जेवताना त्याचा फोन थरथरला आणि ईश्वरीचा व्हिडिओ आला. खाली मराठीत, देवनागरीत, तिने कष्टाने टाईप केलेलं: 'बाबा, होणार वाटतं!' नर फांदीला धरून जोरजोरात श्वास घेत होता, पोट आतबाहेर होत होतं, आणि मागून ईश्वरीचा दबलेला, हसरा आवाज येत होता, "गाम्बारे, गाम्बारे," धीर धर, धीर धर. शिरीषने फोन टेबलावर फिरवला. सगळे वाकून बघायला लागले. हा नर आहे, हा बाळंत होतोय, असं त्याने सांगितलं आणि हशा उसळला, कोणीतरी त्याचा ग्लास भरला, ज्येष्ठ मोरीता-सान म्हणाले की माझ्या बायकोला हे दाखवलं पाहिजे. पहिल्यांदाच त्या टेबलावर त्याचं जपानी अडखळत नव्हतं. फोन फिरून त्याच्या हातात आला तेव्हा व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला होता, आणि या वेळी कोपऱ्यातला तापमानाचा लाल आकडा त्याला दिसला. तिथे चोवीस असायला पाहिजे होतं. तिथे एकतीस होतं.

त्याला त्याच क्षणी सगळं कळलं. गुंडाळलेली वायर, चिठ्ठी, दाराबाहेरची ती शांतता. तो बाळंत होत नव्हता. तो धापा टाकत होता. एक फोन करायला हवा होता. 'ईशू, प्लग लाव, एसी चालू कर, बर्फाच्या पिशव्या सोड पाण्यात.' अर्ध्या मिनिटाचं काम. पण समोर मोरीता-सान अजून हसत होते आणि त्याची गोष्ट अर्धी राहिली होती. आणि ती आनंदात होती. तिला आता काय सांगणार, आणि प्लग कोणी काढला म्हणून सांगणार? जेवण संपलं की करू, असं तो स्वतःला म्हणाला. एवढ्यानं काही होत नाही, समुद्रातही पाणी तापतं, असंही म्हणाला. त्याने तिला एक हसरा चेहरा आणि एक हृदय पाठवलं. तिथून दुसरीकडे जायचं ठरलं, तो गेला. हॉटेलवर परतल्यावर त्याने फोन हातात घेतला आणि आता ती झोपली असेल असं ठरवलं. आता काहीतरी झालंच असेल तर होऊन गेलं असेल, आणि नसेल तर उद्या बघू. हे सगळं त्याने ठरवलं होतं. एकेक करून, शुद्धीत.

रविवारी त्यांना कुठे ठेवायचं याचा प्रश्न आला. सुनेत्रा म्हणाली, बागेत पुरायला परवानगी नसते, आणि जळाऊ कचऱ्याच्या पिशवीत टाकायचं म्हणजे मंगळवारपर्यंत वाट बघायची. ईश्वरीने बाल्कनीतली शिसोच्या रोपाची कुंडी रिकामी केली, तळाशी माती घातली, दोघांना शेजारी ठेवलं आणि वर परत माती ओढली. शिरीष दारात उभा होता.

"बाबा," ती मातीकडे बघत म्हणाली, "आत पिल्लं होती ना?"

"असतील," तो म्हणाला.

"ती आधी मेली असतील की नंतर?"

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो ठेवू दिला.

सोमवारी ती न्याहारीला आली तेव्हा सुनेत्राने वर पाहिलं आणि परत खाली पाहिलं. ईश्वरीने केस सरळ केलेले नव्हते. तिचे केस शिरीषच्या आईवर गेले होते, दाट, कुरळे, पावसाळी हवेत फुलून येणारे. सहावीत असताना वर्गातल्या कोणीतरी त्यांना काहीतरी म्हटलं होतं, आणि तेव्हापासून ती रोज सकाळी उठून ती इस्त्री फिरवून ते आडवे पाडायची; त्या सरळ केसांनी ती मागून बाकीच्या मुलींसारखी दिसायची. आता तिने ते घट्ट बांधले होते आणि तरी कपाळाशी, मानेशी ते सुटून वर आले होते. "इस्त्री?" सुनेत्राने न राहवून विचारलं. "नको," ईश्वरी म्हणाली. "टाकून दिली." ती कोणत्या दिवशीच्या कचऱ्यात जाते हेसुद्धा तिने बघून ठेवलं होतं. शिरीषने हातातला टोस्टचा तुकडा परत ताटलीत ठेवला. तिने स्वतःला शिक्षा दिली होती. त्याच्या गुन्ह्याची शिक्षा ती डोक्यावर घेऊन शाळेत जात होती, सगळ्यांना दिसेल अशी. मंगळवारी तशीच गेली, बुधवारीही. तो ऑफिसात बसायचा आणि वर्गात त्या केसांकडे वळून बघणारी डोकी त्याला दिसायची. टाकीत पाणी तसंच होतं. चिलर चालू होता, पाणी गार होतं, दिवा वेळेवर लागत होता आणि विझत होता, आणि आत फांद्यांखेरीज काही नव्हतं. कोणी ती बंद करा म्हणत नव्हतं, कारण सुनेत्राला वाटत होतं शिरीषला दुःख झालंय.

एका संध्याकाळी सुनेत्राला यायला उशीर होता. तो ईश्वरीला म्हणाला, चल, सायकलवर जाऊन येऊ. शिनकावा नदीच्या काठाने दोघं गेली, ती पुढे, तो मागे. लाकडी पुलापाशी ती थांबली. पाण्यावर वारा होता. तिच्या मानेवरचे केस हलत होते. त्याने सायकल स्टँडवर लावली, ती नीट उभी राहिली तरी पुन्हा लावली, आणि म्हणाला, "ईशू, तो प्लग तू नव्हता काढलास."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"म्हणजे, मी..."

"माहीत आहे, बाबा. वायर गुंडाळून गाठ मारून ठेवली होती. तशी गाठ तूच मारतोस."

"मग तू माफी का मागितलीस?"

ती पाण्याकडे बघत राहिली. उत्तर जपानीत येईल असं त्याला वाटलं, आणि तसं आलं तर बरं, निम्मं कळणार नाही, असंही वाटून गेलं. पण ती मराठीतच बोलली, थांबत थांबत, शब्द शोधत. "सकाळी आईने विचारलं तेव्हा मी म्हटलं, माहीत नाही. मग आई खूप ओरडली. मला वाटलं, बाबा आला की सांगेल. मग तू आलास, मी तुला बघितलं दारात. तुझा चेहरा असा होता..." तिला शब्द सापडला नाही. "मला वाटलं, तुला नाही जमणार. म्हणून मग मी म्हटलं."

तुला नाही जमणार. त्यात राग नव्हता, ठपकाही नव्हता. एखाद्याचा हात उंचावरच्या डब्यापर्यंत पोचत नाही म्हणून आपण तो काढून द्यावा, तशी ती बोलली होती. आणि मग तिने त्याच्याकडे बघून थोडं हसून म्हटलं, "इट्स ओके. विसरलास. चूक होते माणसाकडून." त्याचंच वाक्य होतं. तिने ते कुत्सितपणे म्हटलं नव्हतं. तिला मराठीत त्यासाठी दुसरं वाक्य येत नव्हतं, एवढंच.

इथे थांबता आलं असतं. ती समोर उभी होती, हसत होती, आणि दोघं परत सायकलवर बसून घरी गेली असती. पण त्या हसण्याने त्याच्या आत काहीतरी असह्य झालं. "नुसतं विसरलो नाही," तो म्हणाला. "तू व्हिडिओ पाठवलास ना, त्यात तापमान दिसत होतं. मी बघितलं. तेव्हाच बघितलं. मला कळलं होतं. मी तुला फोन करू शकलो असतो." आणि थांबून, "लोक बसले होते समोर," असंही म्हणाला, आणि ते वाक्य बाहेर पडताच त्याला आपली किळस आली.

ईश्वरीचं हसू एकदम गेलं नाही. ते चेहऱ्यावर राहिलं आणि त्या हसण्यामागची ती तेवढी निघून गेली. "मी तो आकडाच नव्हता बघितला," ती म्हणाली. "मला वाटायचं, मी बघितला असता तर. मी हसत होते त्या व्हिडिओत." पुलावरून एक बाई कुत्र्याला घेऊन गेली, कोन्निचिवा म्हणाली, ईश्वरीनेही मान लववून कोन्निचिवा म्हटलं. बाई लांब गेल्यावर ती म्हणाली, "हे नसतं सांगितलंस तरी चाललं असतं, बाबा."

ती सायकलवर बसली आणि निघाली. तो मागे होता. सगळ्या वाटेत त्याला एकच कळत होतं, की त्याने ते तिच्यासाठी सांगितलं नव्हतं. आपल्या छातीवरचा दगड त्याने तिच्या हातात दिला होता, आणि वर तिनेच त्याला धीर द्यावा अशी वाट बघत उभा राहिला होता.

सुनेत्रा आल्यावर त्याने तिलाही सांगितलं, स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, दोन्ही गोष्टी. ती भाजी चिरत होती. ओरडेल असं त्याला वाटलं होतं, ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने सुरी खाली ठेवली. "मी तिला वाकायला लावलं," ती म्हणाली. "मी म्हटलं, नीट माफी माग बाबाची. दारातच उभी राहा म्हटलं." ती ओले हात तसेच घेऊन ईश्वरीच्या खोलीत गेली. दाराआडून दोघींचे आवाज येत राहिले, कधी मराठी, कधी जपानी, मग रडण्याचा एक आवाज, तो कोणाचा ते त्याला ओळखता आलं नाही. तो भाजी चिरायला लागला. त्याला वाटत होतं आपल्याला आत बोलावतील. कोणी बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग एका रविवारी त्याने टाकी काढायचं ठरवलं. सुनेत्रा म्हणाली, "विचार तिला." त्याने विचारलं. ईश्वरी "उन्" म्हणाली, म्हणजे हो, आणि वहीत डोकं घातलं. ती आठवडाभर त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होती, जपानीत. त्याने खडक काढले, फांद्या काढून वर्तमानपत्रात गुंडाळल्या, चिलर बंद केला. घर पुन्हा तितकंच शांत झालं. लांब नळीचं एक टोक टाकीत सोडलं आणि दुसरं ओढत न्हाणीघरात नेलं, पण टाकीतलं टोक वर तरंगून बाहेर यायला लागलं. तो दोनदा जाऊन ते खाली दाबून आला. तिसऱ्यांदा तो न्हाणीघरातून उठायच्या आत बाहेर स्टूल सरकवल्याचा आवाज आला. त्याने दारातून डोकावून पाहिलं. ईश्वरी स्टुलावर उभी होती, बाही वर सारून कोपरापर्यंत हात पाण्यात घातलेला, नळीचं टोक तळाशी धरलेलं. मोकळे कुरळे केस तिच्या तोंडावर आले होते. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

"धरलंय," ती म्हणाली. मराठीत. "ओढ."

तो आत गेला, फरशीवर उकिडवा बसला, नळीचं टोक ओठांत धरलं आणि श्वास ओढला. आधी नुसती हवा आली, रबराच्या वासाची. पुन्हा ओढला. नळीतून पाणी चढत असलेलं त्याला ऐकू आलं, आणि मग एकदम त्याचं तोंड भरलं, खारट, शिळ्या, गार पाण्याने. नळी खाली पडली आणि वाहायला लागली.

"आलं का?" तिने बाहेरून विचारलं.

तोंड भरलेलं होतं. थुंकायला मोरी समोर होती. पण ती उत्तराची वाट बघत होती, हात पाण्यात घालून, आणि पुन्हा विचारेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. त्याने तो घोट गिळला.

"आलं," तो म्हणाला.